चाकं राहू द्या, आधी जर्सीचे खिसे भरा

प्रश्न : माझं वय ४३, वजन ७६ किलो. दोन वर्षांपासून रोड बाइक चालवतो. गेल्या महिन्यात पहिल्यांदाच १२० किलोमीटरच्या हौशी शर्यतीत उतरलो. मार्गात दोन मोठे चढ होते, त्यातला दुसरा ८५व्या किलोमीटरला सुरू होणारा. पहिले ३० किलोमीटर एका वेगवान ग्रुपबरोबर ताशी ३२च्या वेगाने गेलो आणि पहिला चढही त्यांच्याच बरोबरीने चढलो. ८० किलोमीटरला ३ तास २० मिनिटं झाली होती. तिथून पुढे पायांतली ताकदच गेली. डोकं सुन्न, हात थरथरत होते, गिअर कोणता टाकायचा तेही सुचेना. दुसऱ्या चढाचा अवघड टप्पा सायकल हातात धरून चालत पार केला. सकाळी नेहमीची न्याहारी केली होती. वाटेत दोन केळी, ८० किलोमीटरला एक एनर्जी जेल (साखरेच्या दाट पाकाची पुडी) आणि दोन बाटल्या साधं पाणी, एवढंच घेतलं. सायकल नऊ किलोची आहे, पुढच्या दात्यांच्या चकत्या ५० आणि ३४ दातांच्या (५०/३४), मागच्या ११ ते २८ दातांच्या (११-२८), टायर २५ मिलिमीटरचे, हवेचा दाब ११० पीएसआय. मित्र म्हणतात ५० मिलिमीटर उंच रिमची (चाकाच्या कडेची) कार्बन चाकं घे, ४०० ग्रॅम कमी होतील, चढ सोपा जाईल. पुढची शर्यत आठ आठवड्यांनी आहे. पैसे साठवलेत. घेऊ का? शिवाय दोन तक्रारी : गर्दीत सायकल चालवायची भीती वाटते, आणि तासाभरानंतर करंगळ्या बधिर होतात. नवे शूजही आणलेत, ते शर्यतीच्याच दिवशी घालायचा विचार आहे.

उत्तर :

नमस्कार,

चाकं घेऊ नका. निदान या आठ आठवड्यांत तरी नको. तुम्ही सगळे आकडे इतके नीट लिहून पाठवलेत की दुखणं कुठे आहे ते पत्रातच दिसतं, आणि ते चाकांत नाही. मधल्या आकाराच्या एका केळ्यात साधारण २५ ग्रॅम कर्बोदकं असतात. म्हणजे ३ तास २० मिनिटांत तुमच्या पोटात ५० ग्रॅम गेली, तासाला जेमतेम १५. इतक्या वेळाच्या राइडला तासाला ६० ग्रॅम ही साधी, मधली गरज धरतात. तुम्हाला २०० ग्रॅम हवी होती, मिळाली त्याचा चौथा हिस्सा. जेल घेतलं तेव्हा उशीर झाला होता.

शरीरात काय झालं ते थोडं सविस्तर सांगते, कारण हे एकदा समजलं की पुढचं सगळं आपोआप सुटत जातं. आपले स्नायू आणि यकृत मिळून साधारण ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठ्यातली साखर, साठवू शकतात. त्यातून फार तर २००० किलोकॅलरी मिळतात. चरबीचा साठा प्रत्येकाकडे भरपूर असतो, पण चरबी सावकाश जळते. जोर जितका जास्त, तितका ग्लायकोजेनवरचा भार जास्त. तुमची सरासरी १५० वॉटच्या आसपास धरली, तर ८० किलोमीटरपर्यंत सुमारे १८०० किलोज्यूल काम झालं. सायकलिंगमध्ये किलोज्यूलचा आकडा जवळजवळ तेवढ्याच किलोकॅलरी खर्च झाल्याचं सांगतो, कारण शरीर मिळालेल्या ऊर्जेचा पावपेक्षा कमीच भाग पेडलपर्यंत पोचवतं. त्यातला बराचसा खर्च ग्लायकोजेनमधून झाला, कारण पहिला तास आणि पहिला चढ तुम्ही दुसऱ्यांच्या वेगाने गेलात. महिन्याचा पगार पहिल्या आठवड्यात उडवल्यासारखं झालं ते. यकृतातला साठा संपत आला की रक्तातली साखर उतरते, आणि मेंदूला तर सतत साखर लागते. गिअर न सुचणं, हात थरथरणं, डोकं सुन्न होणं ही त्याचीच लक्षणं. सायकलवाले याला ‘बाँक होणं’ म्हणतात.

यात लाज वाटण्यासारखं काही नाही. सलग पाच वेळा टूर द फ्रान्स जिंकलेल्या मिगेल इंदुराइनचं १९९६ साली ले आर्कच्या चढावर हेच झालं. शेवटच्या काही किलोमीटरांत तो रिकामा झाला आणि त्या एका दिवसात चार मिनिटांहून जास्त वेळ गमावून बसला. सहावा विजय तिथेच निसटला. त्याच्यामागे अख्खा संघ, डॉक्टर, खाणं पुरवणाऱ्या गाड्या होत्या. तुम्ही एकटे होतात.

आता चाकांचा हिशेब करू. तुम्ही, सायकल, बाटल्या, कपडे मिळून ८७ किलो धरा. ४०० ग्रॅम म्हणजे त्याचा अर्धा टक्कासुद्धा नाही. आठ किलोमीटरचा, सहा टक्क्यांचा चढ २०० वॉटने चढायला ३८-४० मिनिटं लागतील, आणि चाकांनी वाचतील दहा-बारा सेकंद. तुम्ही चालत गेलात त्यात किती वेळ गेला ते तुम्हालाच ठाऊक. सपाटीवर उंच रिमचा फायदा होतो, ते नाकारत नाही. पण हवेचा जो अडथळा आपण कापत जातो त्यातला ७० ते ८० टक्के आपल्या अंगाचा असतो, सायकलचा नव्हे. कोपर थोडं वाकवून, हात हुडवर (ब्रेकच्या दांड्यांच्या रबरी आवरणावर) ठेवून, मान खाली घेऊन बसलात आणि वाऱ्यात फडफडणारं जाकीट काढून अंगाबरोबरची जर्सी घातलीत, तर त्याला पैसे पडत नाहीत. १९८९च्या टूरमध्ये ग्रेग लेमाँड शेवटच्या दिवशी ५० सेकंदांनी मागे होता. साडेचोवीस किलोमीटरच्या टाइम ट्रायलला (एकेकट्याने घड्याळाशी लावलेल्या शर्यतीला) तो हँडलला पुढे दांडे लावून, हात जवळ घेऊन, निमुळतं हेल्मेट घालून उतरला. आघाडीवर असलेला लोराँ फिन्याँ नेहमीच्या पद्धतीने, उघड्या डोक्याने. लेमाँड आठ सेकंदांनी टूर जिंकला. बसण्याची पद्धत किती वेळ देऊ शकते याचं याहून बोलकं उदाहरण मला माहीत नाही. तसले दांडे मात्र तुम्ही लावू नका, ग्रुपमध्ये ते धोक्याचे असतात आणि बहुतेक सामूहिक शर्यतींत चालतही नाहीत.

पैसे खर्च करायचेच असतील तर दोन ठिकाणी करा.

पहिलं, मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दात्यांच्या चकत्यांचा संच. दहा टक्क्यांच्या टप्प्यावर तुमच्या ३४-२८ गिअरमध्ये मिनिटाला पेडलच्या ७० फेऱ्या मारायच्या तर वेग होतो ताशी पावणेअकरा किलोमीटर, आणि तुमच्या वजनाला त्यासाठी सुमारे २६५ वॉट लागतात. तेवढा जोर नसेल तर फेऱ्या पन्नासवर येतात, गुडघे कुरकुरतात, आणि माणूस उभा राहून सायकल रेटत बसतो. मागे ११-३४ बसवली की त्याच ७० फेऱ्यांना वेग ताशी पावणेनऊ आणि जोर २२० वॉट. तुम्ही चाललात तो टप्पा बसून चढता येण्याजोगा होतो तो इथे. बसवण्यापूर्वी मेकॅनिकला दोन गोष्टी विचारा : मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) ३४ दात झेपवतो का, आणि चेन पुरेशी लांब आहे का. चेन जुनी झाली असेल तर कॅसेटबरोबर तीही बदला, नाहीतर जुनी चेन नव्या दातांवरून उड्या मारते. छोट्या गिअरला कमी लेखणारे लोक भेटतील. त्यांचं ऐकू नका. व्यावसायिक सायकलपटूही आता तीव्र चढांच्या दिवशी मागे ३४ लावून निघतात.

दुसरं, टायर. ७६ किलोच्या माणसाला ११० पीएसआय फार झालं. गुळगुळीत फिरत्या ड्रमवर जास्त हवेचं टायर जलद पळतं, पण खऱ्या रस्त्यावर बारीक खडबडीवर सायकल सारखी उडते आणि ती ऊर्जा तुमच्या अंगात जिरते. तुमच्या करंगळ्यांच्या तक्रारीतही या जास्तीच्या हवेचा वाटा आहे. फ्रेममध्ये आणि ब्रेकमध्ये जागा असेल तर २८चे टायर घ्या, ट्यूब घालून मागे ७५ ते ८०, पुढे चार-पाच पीएसआय कमी ठेवा, आणि ओल्या रस्त्यावर अजून थोडी कमी करा. २५चेच ठेवणार असाल तर नव्वदच्या आत आणा. चांगलं, लवचीक रबराचं टायर आणि सायकलबरोबर आलेलं जाड टायर यांत जोडीमागे सहज १० वॉटचा फरक पडतो, आणि तो चढावर, सपाटीवर, सगळीकडे मिळतो. पुढे कधी नवी चाकं घेतलीतच तर रिम हुकवाली (टायर धरून ठेवणारी आतली कड असलेली) आहे की हुकलेस (तशी कड नसलेली) ते पाहा. हुकलेस रिमला पाच बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआयच्या वर हवा भरायची नसते, आणि टायरही त्या रिमला चालणारंच लागतं.

आता खाण्याकडे येते. या पत्राचा जीव त्यातच आहे.

पुढच्या आठ आठवड्यांत पायांइतकाच पोटाचा सराव करायचा आहे. आज एकदम तासाला ८० ग्रॅम खाल्लेत तर पोट फुगेल, मळमळेल, आणि ‘मला नाही झेपत’ असं म्हणून तुम्ही पुन्हा दोन केळ्यांवर याल. आतडी सवयीने शिकतात. पहिले दोन आठवडे लांब राइडला तासाला ४० ग्रॅम, पुढचे दोन ५०, मग ६०. पोट शांत राहिलं तर ७५पर्यंत न्या. व्यावसायिक शर्यतींत हल्ली १०० ते १२० ग्रॅमही घेतात, पण तो जोर आणि तो सराव वेगळा. तुम्हाला साठ-पासष्ट नीट जमलं तरी दुसऱ्या चढाला तुम्ही निराळेच असाल.

साठ ग्रॅमच्या वर जायचं तर साखरेचा प्रकार महत्त्वाचा ठरतो. आतड्यातून ग्लुकोज रक्तात नेणारा रस्ता तासाला साधारण ६० ग्रॅमला भरतो. फ्रुक्टोजचा रस्ता वेगळा आहे. म्हणून दोन्ही मिसळून घेतलं की जास्त मावतं आणि पोटात साचून राहत नाही. आपली साधी साखर अर्धी ग्लुकोज, अर्धी फ्रुक्टोज असते, त्यामुळे घरची बाटली मुळीच कमअस्सल नसते. साडेसातशे मिलिलिटरच्या बाटलीत ४५ ग्रॅम साखर, म्हणजे सपाट अकरा चमचे, पाव चमचा मीठ, वर लिंबू पिळा. एवढ्या मिठात सुमारे ६०० मिलिग्रॅम सोडियम येतं. आधी थोड्या कोमट पाण्यात साखर पूर्ण विरघळवा आणि मग बाटली भरा, नाहीतर तळाशी पाक बसतो आणि शेवटचा घोट घशाखाली उतरत नाही. अशी बाटली तासाला एक, सोबत पाऊण केळं किंवा दोन-तीन छोटे खजूर : साठ ग्रॅम झाले. वेळेच्या अंदाजाने राइडच्या पहिल्या भागात घन खाणं ठेवा. उकडलेला, मीठ लावलेला बटाटा, जॅम लावलेला ब्रेड, भाताच्या छोट्या वड्या, जे तुम्हाला सोसतं ते. शेवटच्या तासा-दीड तासात जेल आणि बाटली, कारण तेव्हा चावायचाही कंटाळा येतो. जेल घेतलंत की त्यावर साधं पाणी प्या. जेलवर पुन्हा गोड पाणी प्यायलात तर पोटात फार दाट होतं.

भूक लागायची वाट बघू नका. सायकल-कॉम्प्युटरवर किंवा घड्याळावर दर २० मिनिटांचा गजर लावा आणि पहिला गजर वाजला की पहिला घास घ्या, पोट भरलेलं वाटत असलं तरी. शर्यतीच्या सुरुवातीच्या धांदलीत खायचं हमखास राहून जातं, आणि तेव्हाचंच खाणं तीन तासांनी उपयोगी पडतं. खिशातून वस्तू न बघता काढायचा, दातांनी वेष्टन फाडायचा आणि एका हाताने सायकल सरळ ठेवायचा सराव रिकाम्या रस्त्यावर करा. हे जमत नाही म्हणून कित्येक जण खात नाहीत आणि कारण भलतंच सांगतात. वेष्टनांची टोकं घरीच थोडी कापून ठेवा. रिकामी वेष्टनं परत खिशात टाका, रस्त्यावर नाही.

पाण्याचा अंदाज वजनकाट्याने घ्या. राइडच्या आधी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. एक किलो घटलं तर साधारण एक लिटर पाणी कमी पडलं. थोडी घट चालते. वजन वाढलं असेल तर मात्र तुम्ही गरजेपेक्षा जास्त प्यायलात, आणि नुसतं पाणी ढोसत राहिल्याने रक्तातलं सोडियम पातळ होणं हे तहानेपेक्षा वाईट. कुणाच्या घामात मीठ फार जातं, कुणाच्या कमी. जर्सीवर आणि हेल्मेटच्या पट्ट्यांवर पांढरे डाग उमटत असतील तर मीठ थोडं वाढवा. मधुमेह किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर हे साखर-मिठाचे आकडे आधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा. चाळिशी उलटल्यावर शर्यतीत उतरताना हृदयाची एक तपासणी करून घ्यावी, असं माझं ठाम मत आहे, तब्येत कितीही चांगली वाटत असली तरी.

आदल्या दिवशी भात, बटाटा, ब्रेड असं साधं, कमी तेलाचं, कमी तंतूंचं खा आणि ते दिवसभरात विभागून खा. रात्री एकदम दुप्पट जेवून झोपलात तर सकाळी पोट जड राहतं. वजन किलोभर वाढलेलं दिसेल. घाबरू नका, ग्लायकोजेनबरोबर पाणीही साठतं. शर्यतीच्या सकाळी सुटायच्या तीन तास आधी १०० ते १५० ग्रॅम कर्बोदकं पोटात जाऊ द्या. तुमची ‘नेहमीची न्याहारी’ नेमकी काय असते ते लिहिलं नाहीत, पण नुसती अंडी किंवा मूठभर बदाम असेल तर ती या दिवसाला पुरणार नाही. कॉफीची सवय असेल तर घ्या. नसेल तर त्या दिवशी सुरू करू नका.

जोर कसा वाटून वापरायचा हाही खाण्याचाच भाग आहे. पहिला अर्धा तास सगळे तुमच्यापुढे जाताना दिसतील. जाऊ द्या. पहिल्या चढावर शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं पाहिजे, एवढी एकच खूण धरा. श्वास त्याच्या पुढे गेला की छोटा गिअर टाका. दुसऱ्या चढाच्या पायथ्याशी पोचण्याआधी दहा मिनिटं शेवटचं मोठं खाणं उरका. चढावर जेल उघडत बसायला लागू नये. तिथून वर मात्र हवा तेवढा जोर लावा, त्यासाठीच तर वाचवून आणलेला असतो.

गर्दीची भीती रास्त आहे आणि ती पूर्ण जावी असं मला वाटतही नाही. दुसऱ्याच्या मागे नीट बसलात तर सपाटीवर सहज ३० टक्के जोर वाचतो, म्हणून ही कला शिकण्यासारखी आहे. ग्रुपमधले बहुतेक अपघात पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाला बाजूने घासल्याने होतात, आणि पडतो तो मागचा. तेव्हा तुमचं पुढचं चाक कधीही दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या शेजारी शिरू देऊ नका. नजर पुढच्या टायरवर खिळवू नका, त्याच्या खांद्यावरून पलीकडे, आणखी दोन-तीन माणसांपुढे पाहा. जवळ गेलात तर ब्रेक दाबण्याऐवजी पेडल थांबवा किंवा अंग थोडं उभं करून वारा घ्या. पेडलवर उभं राहायचं असेल तर एक गिअर जड करून, पेडलवरचा दाब न सोडता उभे राहा, नाहीतर सायकल क्षणभर मागे सरकते आणि मागचा तुमच्यावर येतो. खड्डा दिसला की हाताने दाखवा, तोंडानेही सांगा. हे सगळं आधी ओळखीच्या तीन-चार जणांत करा. सुरुवातीला पुढच्या चाकापासून एक सायकलभर अंतर, मग अर्धं. शर्यतीत ग्रुपच्या कडेला राहा, म्हणजे बाहेर पडायला वाट असते. उतारावर वळणाच्या आधीच वेग कमी करा, बाहेरचा पाय खाली ठेवून त्यावर वजन द्या, आणि वळण जिथे संपतं तिकडे बघा. उतारावर कुणाचा पाठलाग करायचा नाही.

करंगळ्यांचं कारण बहुतेक वेळा तळहाताच्या कडेला दबणारी नस असते. हवा कमी करून आणि हात दर दहा मिनिटांनी हुड, ड्रॉप्स (हँडलचा खाली वळलेला भाग), वरचा दांडा असे हलवून फरक पडतो का पाहा. सीट पुढे झुकलेली असेल तर शरीर हातांवर घसरतं. ती आडवी पातळीत आणा. तरीही राहिलं तर एकदा बाइक फिट (अंगाच्या मापाने सायकल जुळवून देणं) करून घ्या, तो खर्च चाकांपेक्षा कितीतरी योग्य ठिकाणी जातो. बधिरपणा राइडनंतरही तासन्‌तास टिकत असेल तर डॉक्टरांकडे जा.

आणि ते नवे शूज. आजच घालायला घ्या, शर्यतीच्या दिवशी नाही. क्लीट (शूजच्या तळाचा, पेडलमध्ये अडकणारा तुकडा) दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे बसली तरी १२० किलोमीटरमध्ये गुडघा बोलतो. जुन्या शूजवरची क्लीटची जागा मापून तशीच नव्यावर बसवा, पहिल्या काही राइड छोट्या ठेवा. शॉर्ट्स, मोजे, जेलचा प्रकार, सगळ्याला हाच नियम.

पंक्चरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण शर्यतीत मदतीची गाडी येईलच असं नाही. सीटखालच्या पिशवीत दोन ट्यूब, दोन टायर लिव्हर, छोटा पंप, मल्टिटूल. नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोट सावकाश फिरवा, पूर्ण फेरी. काच किंवा तार जिथे घुसली असेल तिथे ती बोटाला लागते. ट्यूबला भोक कुठे आहे ते व्हॉल्व्हपासून मोजलं तर टायरमधली जागा लगेच सापडते, म्हणून टायर चढवताना त्यावरचं नाव नेहमी व्हॉल्व्हशी जुळवून बसवावं. घाईत हे न करणाऱ्यांची दुसरी ट्यूब दोन मिनिटांत जाते. नव्या ट्यूबमध्ये आधी थोडीशी हवा भरा, म्हणजे तिला पीळ पडत नाही, आणि टायरची कड रिममध्ये बसवताना शेवटचा भाग शक्यतो अंगठ्यांनीच ढकला. लिव्हरने ट्यूब चिमटली जाते. मागच्या चाकावर हे घरी बसून करून पाहा, तेच जास्त जड जातं.

शर्यतीच्या तीन आठवडे आधी एक पूर्ण रंगीत तालीम करा : १०० किलोमीटर, एक तरी मोठा चढ, तीच न्याहारी त्याच वेळी, तेच कपडे, तेवढ्याच बाटल्या, गजर चालू. घरी आल्यावर दर तासाला काय खाल्लं, काय प्यायलं, पोट कसं होतं, वजन किती घटलं ते लिहा. काही बिघडलं तर दुरुस्त करायला अजून वेळ असेल. शेवटचे दहा दिवस अंतर जवळजवळ निम्मं करा, पण अधूनमधून एक-दोन मिनिटांचे जोरदार तुकडे ठेवा, म्हणजे पाय सुस्तावत नाहीत. त्या दिवसांत ‘कमी पडतंय’ असं वाटून एक लांब राइड मारायचा मोह होईल. तो टाळा, तेवढ्या दिवसांत ताकद वाढत नाही, फक्त थकवा वाढतो.

साठवलेले पैसे कॅसेट, टायर, बाइक फिट यांना लावून जे उरतील ते तसेच ठेवा. शर्यत झाल्यावरही चाकं घ्यावीशी वाटली तर खुशाल घ्या, सुंदर सायकलचा आनंद हाही खरा आनंद आहे. फक्त तुमच्याकडे रिम ब्रेक आहेत की डिस्क ते आधी कळवा, कारण ओल्या रस्त्यावर कार्बन रिमवर रिम ब्रेक उशिरा धरतो, आणि जिथे आडवा वारा जोरात असतो तिथे ५० मिलिमीटरऐवजी ३५-४०ची रिम बरी पडते. तालमीची तासवार नोंदही त्याच पत्रात पाठवा. ती बघून शर्यतीच्या दिवशी खिशात काय आणि किती ठेवायचं ते तासागणिक ठरवून देते.